आगबोटीला वाफ हवी

सोमवार, रात्र. ठाणे

माहितीपत्रकावर ‘ऐतिहासिक आगबोट, संपूर्ण जीर्णोद्धार केलेली’ असं छापलेलं दिसलं की पहिला प्रश्न एकच विचारायचा: बोटीला पाण्यातून ढकलणारी चाकं कशानं फिरतात? पितळी दिवे, सागवानी कठडे, वेताच्या खुर्च्या हे सगळं कुठल्याही नव्या बोटीवर बसवता येतं. बॉयलर आणि इंजिन मात्र आणून ठेवण्याची गोष्ट नाही. ते चालवणारी माणसं लागतात.

बांगलादेशातल्या ‘रॉकेट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पॅडल बोटी कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीत बांधल्या गेल्या. त्यांची चाकं पुढेही फिरत राहिली, पण आत डिझेल इंजिन बसलं. स्वीडनच्या गोटा कालव्यावरची १८७४ सालची ‘जुनो’ आजही मुक्कामी प्रवासी नेते, तीही १९५६ पासून डिझेलवर. या बोटी खोट्या नाहीत, त्यांच्यावरचा प्रवास सुंदरच असतो. फक्त तो वाफेचा प्रवास नव्हे, आणि पैसे वाफेचे मोजायचे असतील तर फरक माहीत हवा. उलटं उदाहरण जिनिव्हा सरोवरातल्या १९०४ सालच्या ‘माँत्रो’चं. तिला मधल्या काळात डिझेलवर नेलं होतं, आणि २००१ मध्ये तिच्यासाठी नवं वाफेचं इंजिन बांधून पुन्हा वाफेवर आणलं. मला हा जीर्णोद्धार सर्वांत प्रामाणिक वाटतो. जर्मनीत एल्ब नदीवरच्या ‘डीसबार’ बोटीचा सांगाडा १८८४ चा, पण इंजिन त्याहून जुनं, १८४१ चं, आधीच्या बोटीतून काढून बसवलेलं. म्हणजे ‘बोट किती जुनी’ या प्रश्नालाही दोन उत्तरं असू शकतात.

नदीवर, मुक्कामासह, आरामशीर आणि खऱ्या वाफेवर अशा चारही अटी लावल्या की पहिलं नाव येतं ते नाईलवरच्या ‘सुदान’चं. स्कॉटलंडमधल्या पेस्ली इथे १९२१ मध्ये थॉमस कुक कंपनीसाठी बांधलेली. दोन्ही बाजूंना चाकं, आत तिहेरी प्रसरणाचं वाफेचं इंजिन. इजिप्तमधला लक्सोर ते अस्वान हा तिचा पट्टा, साधारण २००-२२० किलोमीटर. ठाण्याहून कोल्हापूरसुद्धा याहून दूर पडतं, आणि एवढ्या अंतराला ही बोट चारेक रात्री घेते. ज्यांना हे ऐकून ‘मग गाडीनंच जाऊ’ असं वाटतं, त्यांनी खरोखर गाडीनं जावं.

मंगळवार

इंजिन समजून घेतल्याशिवाय अशा बोटीवर जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे. निम्मे पैसे त्यासाठीच असतात.

तिहेरी प्रसरण म्हणजे असं: बॉयलरमधून येणारी वाफ आधी लहान सिलिंडरमध्ये शिरते. तिथे दट्ट्या (पिस्टन) ढकलून झाल्यावर तिचा दाब उतरतो, आकारमान वाढतं. ती फेकून न देता मधल्या, आणखी मोठ्या सिलिंडरमध्ये जाते, तिथून सर्वांत मोठ्या तिसऱ्यात. दाब कमी होत जातो तसा दट्ट्याचा व्यास वाढवलेला असतो, म्हणून तिन्ही सिलिंडर साधारण सारखंच काम करतात. शेवटी वाफ कंडेन्सरमध्ये जाते, नदीच्या थंड पाण्यानं गार झालेल्या नळ्यांवर तिचं पुन्हा पाणी होतं आणि आत निर्वात तयार होतो. तो निर्वात तिसऱ्या दट्ट्याला दुसऱ्या बाजूनं ओढतो. इंजिनरूममध्ये गेल्यावर बॉयलरच्या दाबाचा काटा सगळे बघतात. कंडेन्सरच्या निर्वाताचा काटा मुद्दाम शोधून बघा, कारण बोट आज नीट चालली आहे की नाही ते तो सांगतो. नाईलमध्ये जलपर्णी आहे. पाणी ओढणाऱ्या तोंडाशी ती अडकली की थंड पाणी कमी पडतं, निर्वात घसरतो आणि बॉयलर भरभरून वाफ देत असतानाही बोट मंदावते.

बॉयलरच्या पाण्याबद्दलही विचारा. तेच पाणी पुन्हा पुन्हा बॉयलरमध्ये जातं, आणि सिलिंडरमधलं वंगणाचं तेल त्यात मिसळतं. तेलाचा पातळ थर नळ्यांवर बसला तर उष्णता पाण्यात उतरत नाही, लोखंड तापून फुगतं आणि नळी फुटते. म्हणून बॉयलरकडे जाण्याआधी पाणी गाळतात. दुसऱ्या महायुद्धाआधी या गाळणीत चक्क घोसाळ्याच्या वाळलेल्या शिरा भरत, आपल्याकडे अंग घासायला वापरतात त्याच. तेल धरून ठेवतात आणि उकळत्या पाण्यात विरघळत नाहीत.

थंड बॉयलर पेटवून वाफ तयार करायला दिवसभर लागू शकतो, जाड पत्र्याच्या मोठ्या जुन्या बॉयलरला त्याहून जास्त. घाई केली तर वरचा भाग तापतो, खालचा गारच राहतो, पत्रा असमान ताणला जातो आणि रिव्हेटचे सांधे गळू लागतात. म्हणून सफरीचे सगळे दिवस बॉयलर विझवत नाहीत, रात्री धक्क्याला लागल्यावरही आग मंद ठेवतात. केबिन बॉयलरच्या भिंतीला लागून असेल तर ही ऊब रात्रभर येते. डिसेंबरात सुखाची, एप्रिलात नकोशी.

सकाळी निघण्याआधी पाऊण-एक तास वर डेकवर न थांबता इंजिनाशी जाऊन उभं राहावं. सिलिंडरच्या तळाच्या तोट्या उघडलेल्या असतात आणि त्यांतून फसफसत पाणी आणि वाफ बाहेर पडते. रात्रीत गार झालेल्या सिलिंडरमध्ये वाफेचं पाणी साचतं. पाणी दाबलं जात नाही. ते काढून न टाकता दट्ट्या जोरात फिरवला तर सिलिंडरचं झाकण तडकू शकतं. इंजिन आधी थोडं पुढे, थोडं मागे असं हलवतात, सगळे भाग सारखे तापेपर्यंत. फसफस थांबून नुसती कोरडी वाफ यायला लागली की तोट्या बंद होतात. एवढं बघितलं तर पुढच्या प्रवासात प्रत्येक आवाजाचा अर्थ लागतो.

आणि आवाज फार नसतो. वाफेचं इंजिन मिनिटाला तीस-चाळीस-पन्नास फेरे घेतं, चाकांच्या दांड्याला थेट जोडलेलं, मध्ये गिअर नाही. डिझेलची सततची घरघर ज्यांच्या कानात बसली आहे, त्यांना पहिल्या तासात बोट बंद पडल्यासारखं वाटतं.

बुधवार

ठाण्यातला गायमुख ते कोलशेत हा खाडीचा पट्टा राष्ट्रीय जलमार्ग ५३ मध्ये येतो. भरती-ओहोटी आणि गाळ, दोन्ही इथे सतत. ऐरोलीहून फ्लेमिंगो बघायला जाणाऱ्या बोटीचं वेळापत्रकही भरती बघून ठरतं. नाईलच्या या पट्ट्यात भरती नाही, पाण्याची पातळी धरणं आणि बंधारे ठरवतात. हिवाळ्यात अस्वानहून कमी पाणी सोडतात तेव्हा वाळूचे उंचवटे वर येतात. चाकांची बोट अशा पाण्यासाठीच होती: तळ उथळ, आणि चाकं तळाच्या खाली जात नाहीत.

पण तिची एक अडचण आहे. पलीकडच्या काठावर काही दिसलं म्हणून सगळे प्रवासी एका कठड्याशी गेले की बोट किंचित कलते. एक चाक जास्त बुडतं, दुसरं उचललं जातं, बोट एका बाजूला ओढ घेते आणि सुकाणूवाल्याला सतत सावरावं लागतं. खलाशी ‘अर्धे लोक इकडे या’ म्हणाले तर ते शिस्तीसाठी नसतं. चाकाच्या फळ्या पाण्यात उभ्या शिराव्यात म्हणून प्रत्येकीला बिजागरीसारखी खीळ असते. सर्वांत आधी झिजतात त्या या खिळांच्या बुशी, म्हणजे खिळीभोवतीच्या कड्या. झिजल्या की चाकाच्या पेटीतून फेऱ्यागणिक ‘टक्’ ऐकू येतं. तरंगत्या ओंडक्यानं फळी मोडली तर थांबून बदलतात. तास-दोन तास जातात, घाबरण्याचं कारण नसतं.

कलण्याची गोष्ट आपल्या किनाऱ्यावर हलकी घेऊ नये. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. नदी शांत असली तरी पहिल्या दिवशी लाइफ जॅकेट कुठे आहे, केबिनमधून डेकवर जायच्या वाटा किती, हे बघून ठेवायचंच. जुन्या बोटीत जिने अरुंद आणि उभे, लिफ्ट सहसा नसते. गुडघ्याचं दुखणं असेल तर केबिन आणि जेवणाचं दालन एकाच मजल्यावर आहे का, ते नोंदणीआधी विचारावं.

गुरुवार

केबिन कुठल्या बाजूची घ्यावी?

लक्सोरहून अस्वानला जाताना बोट प्रवाहाविरुद्ध दक्षिणेकडे जाते. त्यामुळे पश्चिम उजव्या हाताला येते आणि सूर्यास्त उजवीकडच्या केबिनमधून दिसतो. अस्वानहून परत येणाऱ्या सफरीत तो डावीकडे. ज्यांना पहाटे उजेड हवा त्यांनी उलट बाजू घ्यावी. एवढी साधी गोष्ट नोंदणी करणारे क्वचित सांगतात.

वारा तिथे बहुतेक उत्तरेकडून असतो. दक्षिणेकडे जाताना तो मागून येतो. बोटीचा वेग आणि वाऱ्याचा वेग सारखा झाला की डेकवर पान हलत नाही आणि धुराड्याचा धूर डोक्यावरच रेंगाळतो. उत्तरेकडे येताना वारा समोरून, धूर मागच्या डेकवर. म्हणून येताना धुराड्याच्या पुढची जागा धरायची, जाताना जिथे सावली मिळेल तिथे बसायचं.

आपल्याकडचे लोक इजिप्त म्हणजे वाळवंट, वाळवंट म्हणजे उकाडा असं धरून जातात. लक्सोरमध्ये जानेवारीच्या रात्री पारा दहाच्या खाली उतरतो, आणि पाण्यावर पहाटे त्याहून जास्त बोचतं. ठाण्यात वर्षभर कपाटात पडलेला स्वेटर तिथे लागतो, कानटोपीसुद्धा. ऑक्टोबर ते एप्रिल हा काळ चांगला. उन्हाळ्यात अस्वानचा पारा चाळिशीच्या वर जातो.

जुन्या केबिनमध्ये मोठी कडक सूटकेस पलंगाखाली जात नाही. मऊ पिशव्या घ्याव्यात. भिंती लाकडी, शेजारच्या खोलीतलं घोरणं ऐकू येतं. कानात घालायचे बोळे बरोबर असू द्यावेत. पोहण्याचा तलाव ‘सुदान’वर नाही. तो हवा असेल तर नाईलवरच्या मोठ्या मोटरबोटी आहेत, पण त्या धक्क्याला एकमेकींना चिकटून उभ्या राहतात आणि खिडकी उघडली की समोर दुसऱ्याची खिडकी येते. मग पडदा ओढावा लागतो, आणि हजारो वर्षं जुना काठ दिसतच नाही.

शुक्रवार

शाकाहारी माणसाचं इजिप्तमध्ये अडत नाही. फूल मुदम्मस (शिजवून घोटलेली उसळ), ताअमिया (तळलेले वडे), ताहिना (तिळाची चटणी), आणि भात-मसूर-मॅकरोनी-चण्यांची कोशरी. मात्र फूल आणि ताअमिया दोन्ही बाकल्याचे, म्हणजे फावा बीनचे. घरात कुणाला जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असेल तर हे दोन्ही पूर्ण टाळायचे, रक्तातल्या लाल पेशी फुटून प्रकृती गंभीर होऊ शकते. स्वयंपाकघराला आधीच लिहून कळवावं.

आपले दोन गोल पायांचे चार्जर तिथे चालतात, तीन पायांचे मोठे चालत नाहीत.

शनिवार, सकाळ

वेळापत्रक बिघडतं ते वाटेतल्या एस्ना गावाशी. तिथे बंधारा आहे आणि बोटींना लॉकमधून, म्हणजे पाण्याच्या पाळण्यातून, वर चढावं लागतं. एका वेळी मोजक्याच बोटी मावतात, रांग लागते, नंबर मध्यरात्रीही येऊ शकतो. रांगेत असताना छोट्या होड्यांतून विक्रेते येतात आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कपडे थेट डेकवर फेकतात. घ्यायचं नसेल तर पिशवी उघडूच नये, तशीच परत टाकावी. लॉक दुरुस्तीसाठी बंद असेल तर एस्नापासून लक्सोरपर्यंतचा भाग बसनं करावा लागतो.

म्हणून पैसे भरण्याआधी चार गोष्टी लेखी मागाव्यात. लॉक बंद असेल तर काय? बॉयलर किंवा इंजिन बिघडलं तर टगबोट आपली बोट ओढून नेणार, की आपल्याला दुसऱ्या जहाजावर हलवणार, आणि ते जहाज कोणतं? दर केबिनचा की माणशी, एकट्यानं राहणाऱ्याला जादा किती? इंजिनरूम बघायला कुठल्या वेळी सोडतात? शेवटच्या प्रश्नाला उत्तर टाळलं गेलं तर मी ती बोट घेणार नाही. व्हिसा भारतातून निघण्याआधीच काढावा. परदेशी टूर पॅकेजवर टीसीएस घेतला जातो, तो आगाऊ कर आहे, विवरणपत्रात वळता करून घेता येतो. पावतीवर पॅन बरोबर आहे ना, तेवढं तपासावं.

आणि बक्षिसी. बोटीवर शेवटच्या दिवशी एक सामाईक पेटी ठेवतात. जेवण वाढणारे, खोली आवरणारे रोज डोळ्यांसमोर असतात, त्यांचा हात त्या पेटीपर्यंत पोचतोच. बॉयलरपाशी घामानं निथळणारा, हातानं बेअरिंग चाचपून तेल घालणारा माणूस जेवणाच्या दालनात कधी येत नाही. पेटीतला वाटा खाली जातो का, हे व्यवस्थापकाला स्पष्ट विचारावं. जात नसेल तर वेगळं पाकीट करून इंजिनरूमच्या दारात, मुख्य इंजिनिअरच्या हातात द्यावं.