तुम्ही विचारलंत म्हणून: ही कावीळ नवी की जुनी?

“मॅडम, हे आत्ताच लागलंय की आधीपासूनचं आहे?”

कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी माझी पॅथॉलॉजी लॅब आहे. ‘ब’ प्रकारच्या काविळीचा (हिपॅटायटिस बी), म्हणजे एचबीएसएजी या तपासणीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की हा प्रश्न ठरलेला. विचारतो बहुतेक वेळा नवरा, आणि उत्तरासाठी कान टवकारलेले असतात शेजारी उभ्या बायकोचे, कारण ही कावीळ शरीरसंबंधातूनही लागते.

त्या एका रिपोर्टवरून मला ते सांगता येत नाही. कार्डावर दुसरी रेघ उमटली म्हणजे विषाणूच्या कवचाचं प्रथिन रक्तात आहे, बस. किती दिवसांचं, ते रेघेला ठाऊक नसतं.

मग आम्ही विषाणूच्या गाभ्याविरुद्धची आयजीएम अँटिबॉडी तपासतो. संसर्ग ताजा असेल तर ती भरपूर असते आणि साधारण सहा महिन्यांत ओसरते. आयजीएम ठळक, एसजीपीटी (यकृत सुजलं की रक्तात वाढणारं एन्झाइम) हजाराच्या घरात, डोळे पिवळेधमक, अन्नावर वासना नाही, असा माणूस बहुधा नव्या संसर्गाचा. हर्नियाच्या ऑपरेशनआधी सहज रक्त तपासलं, काही त्रास नाही, आयजीएम निगेटिव्ह, तर बहुधा जुना. शिक्कामोर्तब मात्र कॅलेंडर करतं: सहा महिन्यांनंतरही एचबीएसएजी पॉझिटिव्हच असेल तर तो दीर्घकालीन संसर्ग.

हे सगळं पाठ असूनही मी एकदा सपशेल चुकले. भर पावसात एक रिक्षावाला आला होता. डोळे हळदीसारखे, एसजीपीटी नऊशेच्या वर, आयजीएम पॉझिटिव्ह, पण सीमारेषेच्या जेमतेम वर. त्या ‘जेमतेम’कडे मी बघितलंच नाही. सांगून मोकळी झाले, “नवीन आहे. मोठ्या माणसांत शंभरातल्या पंचाण्णव जणांच्या शरीरातून हा विषाणू आपला आपण जातो.” सहा महिन्यांनी रिपोर्ट पुन्हा पॉझिटिव्ह! तेव्हा त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीतून घडी पडलेला एक कागद काढला. चार वर्षांपूर्वीचं गल्फचं मेडिकल. ‘अनफिट’. का अनफिट, हे त्याला कुणी समजावलं नव्हतं, पण कागदावर एचबीएसएजी पॉझिटिव्ह असं स्वच्छ टाइप केलेलं होतं. वर्षानुवर्षं गुपचूप बसलेला विषाणू कधी कधी उसळतो, यकृत सुजतं, आणि त्या उसळीत आयजीएमही थोडी डोकं वर काढते. तेव्हापासून मी सुईआधी जुने कागद मागते: गल्फचं मेडिकल, रक्तपेढीचं पत्र, बाईमाणूस असेल तर बाळंतपणाची फाइल.

पिवळा पडलेला माणूस बघून घर हादरतं, पण मोठ्या वयात नव्याने लागण झालेला बहुतेक वेळा बरा होतो. (आणि श्रेय जातं गळ्यातल्या काविळीच्या माळेला. माळेवर माझा राग नाही, तिच्यासोबत पोटात जाणाऱ्या झाडपाल्यावर आहे. सुजलेल्या यकृताला तो सोसेलच असं नाही.) जन्माच्या वेळी आईकडून लागण झाली तर दहातल्या नऊ बाळांत विषाणू मुक्काम ठोकतो, आणि ते मूल दिसायला ठणठणीत वाढतं. धोका तिथे आहे. पुढे सिरॉसिस, म्हणजे यकृत कडक होऊन निकामी होत जाणं, कधी यकृताचा कर्करोग.

रिक्षावाल्याच्या आईचं रक्त तपासलं, तीही पॉझिटिव्ह निघाली. “म्हणजे माज्यामुळंच,” असं म्हणून ती बाकावर बसून राहिली. तिच्या तरुणपणी, बाळ जन्मल्यापासून 24 तासांत द्यायची लस गावात कुणी ऐकलीही नव्हती, हे तिला पटवायला मला अर्धा तास लागला. सुनेचा चेहरा मात्र सैल झाला. तिला दीड वर्षापासून जो संशय होता, तो ती माझ्यासमोर पहिल्यांदाच बोलली. ती निगेटिव्ह होती. लसीचे तीन डोस घेतले, त्याच दिवशी, महिन्याने आणि सहा महिन्यांनी. ताटवाटी वेगळी केली होती, ती त्याच दिवशी एकत्र करायला सांगितली. एका ताटात जेवल्याने ही कावीळ लागत नाही.

तो आता रोज एक गोळी घेतो, जिल्हा रुग्णालयात फुकट मिळते. दर सहा महिन्यांनी एसजीपीटी आणि सोनोग्राफी. परवा आला तेव्हा गल्फचा तो कागद त्याने लॅमिनेट करून आणला होता.