आमची वाटचाल : बरणीतला प्लग

आमच्या बोटदुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये आलात की टेबलावर लोणच्याची एक काचेची बरणी दिसेल. तिच्यात हार्नेसचा, म्हणजे इंजिनाच्या वायरींच्या जुडग्याचा, एक गोल प्लग आहे, एका अंगाने वितळलेला. आतल्या पिनांपैकी एक काळी पडलीय आणि तिच्या बुडाशी हिरवी बुरशी आल्यासारखा गंज आहे. नवीन पोरगा कामाला लागला की पहिल्या दिवशी मी ती बरणी त्याच्या हातात देतो. या एका पिनेपायी आमचा धंदा बुडता बुडता राहिला.

सुरुवात मामांपासून. मामा म्हणजे आईचे सख्खे भाऊ. गिरगावात पद्मिनी टॅक्सींचं इलेक्ट्रिक काम करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. मांडव्याच्या किनाऱ्यावर डिझेल मिस्त्री पायलीला पन्नास, पण डिझेलला ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग नाही, व्होल्टेज वाढवणारी कॉइल नाही, तिचा करंट जोडणारे-तोडणारे पॉइंट नाहीत. मुंबईकरांच्या जुन्या पेट्रोल स्पीडबोटी बंद पडल्या की हात लावायला कोणी नसायचं. मी मामांना बोलावलं. त्यांनी मर्क्रुझर 140 या बोटीच्या इंजिनाचं झाकण उघडलं, सिलिंडरांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरकडे बघितलं आणि म्हणाले, "चार सिलिंडर, ठिणगीचा क्रम एक-तीन-चार-दोन. ही तर आपली पद्मिनीच की रे, नुसती पाण्यात उभी केलीय."

येताना ते एक पत्र्याची पेटी घेऊन आले होते. तेलाच्या फडक्यात गुंडाळलेला, फट मोजायचा फिलर गेज, पॉइंट किती वेळ मिटलेले राहतात ते दाखवणारा ड्वेल मीटर, स्कूटरच्या बल्बला दोन वायरी आणि एक सुई जोडून केलेला टेस्ट लॅम्प, आणि पॉइंट पुसायला जाड कोऱ्या कागदाच्या पट्ट्या. पॉलिश पेपर त्यांनी कधी वापरू दिला नाही. त्याचे कण पॉइंटात रुततात आणि आठ दिवसांत पॉइंट पुन्हा जळतात. आजही आमच्याकडे कागदाचीच पट्टी चालते.

आमचं पहिलं मोठं गिऱ्हाईक म्हणजे डॉक्टरसाहेब. नाव लिहू नकोस, असं त्यांनीच सांगितलंय. दर शनिवारी गेटवेहून स्वतः बोट चालवत यायचे. त्यांच्याच बोटीने घात केला. वीस मिनिटं झकास चालायची आणि भर चॅनेलमध्ये, नांगरलेल्या जहाजांच्या मधोमध, बंद पडायची. अर्ध्या तासाने आपोआप चालू. धक्क्यावर आणली की एकदम शहाणी. मी दोनदा तपासली. इग्निशन चालू करून कॉइलच्या प्लसला मीटर लावला, 12 व्होल्ट. पॉइंट बदलले, कंडेन्सर बदलला, डिस्ट्रिब्युटरची कॅप आणि रोटर बदलले. तिसऱ्या शनिवारी पुन्हा तेच.

तेव्हा जवळच दुसरं एक वर्कशॉप होतं. त्यांनी डॉक्टरांना सांगितलं, आधीच्या मिस्त्रीने वायरिंगची वाट लावलीय. मग त्यांनी गाडीची कॉइल बसवली. बोटीत कॉइलच्या आधी करंट आवरणारा रेझिस्टन्स असतो. ती कॉइल तो धरून चालणारी नव्हती, म्हणजे आधीच आवरलेला करंट आणखी कमी झाला. तरी बोट बंद पडतच राहिली. मग डिस्ट्रिब्युटर बदलला, तोही गाडीचा. शेवटी निदान झालं की इंजिनच संपलंय, नवीन टाका. आणि जेट्टीवर, चहाच्या टपरीवर, खलाशांमध्ये सगळीकडे एकच बोलणं पसरलं की आम्ही डॉक्टरांचं इंजिन खाल्लं.

त्या हंगामात आमच्याकडच्या अकरा बोटींपैकी सात गेल्या. शेडचं भाडं थकलं. बायकोच्या पाटल्या पतपेढीत गेल्या. एक मालक माझ्यासमोर दुसऱ्याला म्हणाला, "यांच्याकडे नको." ते मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही.

डॉक्टर मात्र नवीन इंजिनाचे पैसे द्यायच्या आधी आमच्या शेडमध्ये आले. म्हणाले, "अरे, मी पेशंटला तपासल्याशिवाय कापत नाही. तुम्ही दोघं माझ्याबरोबर बोटीत बसा." फी विचारली नाही, बोल लावला नाही.

निघायच्या आधी मामांनी एकच प्रश्न विचारला : "बंद पडल्यावर सेल्फ मारला तर काय होतं?" डॉक्टर म्हणाले, "खोकते, कधी उचलते, पण चावी सोडली की मरते." मामा हसले. "मग कॉइलला नावं ठेवू नका." सेल्फ फिरत असताना कॉइलला स्टार्टरकडून वेगळ्या वायरीने पूर्ण 12 व्होल्ट मिळतात. चावी सोडली की करंट इग्निशनच्या जांभळ्या वायरीने, रेझिस्टन्समधून जातो. म्हणजे दुखणं चावीच्या बाजूच्या वाटेत.

ठरल्याप्रमाणे विसाव्या मिनिटाला बोट मेली. आधी पेट्रोलचा वास येतो का बघितलं, ब्लोअर म्हणजे आतली हवा बाहेर फेकणारा पंखा चालू केला, मगच झाकण उघडलं. मामांनी कॅप काढली आणि इंजिन हाताने एवढं फिरवलं की पॉइंट मिटले. कॉइलच्या प्लसला मीटर लावला. पॉइंट मिटलेले असताना तिथे 6 व्होल्टच्या आसपास हवेत. आले साडेतीनच्या खाली. पॉइंट उघडले, तर तोच मीटर 12. मी धक्क्यावर दोन्ही वेळा पॉइंट उघडे असतानाच बघितलं होतं! करंट वाहतच नसेल तर सडलेली पिनही पूर्ण व्होल्टेज दाखवते. तिच्यावर ओझं पडलं, इंजिनाच्या उष्णतेने ती तापली, की ती व्होल्टेज गिळायला लागते.

मामा वायर हाताने चाचपत मागे गेले आणि इंजिनाच्या मागच्या गोल प्लगवर थांबले. "हात लाव," म्हणाले. चटका बसला. ब्लोअर तसाच चालू ठेवून, बॅटरीच्या प्लसवरून रेझिस्टन्सच्या आधीच्या टोकाला एक सरळ वायर टाकली, आणि इंजिन एका फटक्यात लागलं. त्याच वायरीवर आम्ही घरी आलो. डॉक्टर सुकाणूवर होते आणि मामा पायाशी पेटी घेऊन बसले होते. धक्क्यावर वीस माणसं बघत होती.

नवीन प्लग, नव्या पिना, वर ग्रीस. गाडीची कॉइल आणि डिस्ट्रिब्युटर दोन्ही काढून फेकले. नवं इंजिन टाकलंच नाही. ज्यांनी निदान केलं होतं त्यांनी ना पैसे परत दिले ना शब्द मागे घेतला. नंतर त्यांनी शटर ओढलं. त्याचा मला आनंद झाला नाही, पण आमच्या नावाला लागलेला डाग पुसायला आम्हाला तीन हंगाम लागले, हे इथे लिहून ठेवतो.

त्यानंतरची वर्षं कामाची गेली. शेड पक्की झाली, पाटल्या घरी आल्या.

ज्यांच्याकडे जुनी पेट्रोल बोट आहे त्यांना सांगतो. गाडीचा डिस्ट्रिब्युटर, गाडीचा स्टार्टर, गाडीचा आल्टरनेटर बोटीत घालू नका. बोटीचे हे पार्ट आतली ठिणगी बाहेर पडू नये असे बांधलेले असतात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळात, साठते. सुरू करण्याआधी निदान चार मिनिटं ब्लोअर चालवा, वास असेल तर चावीला हातच लावू नका. खाऱ्या वाऱ्यात कॅपच्या आत केसासारखी काळी रेघ उमटते, तिच्यातून करंट पळतो. कॅप उजेडात तिरपी धरून बघा. आणि पावसाळ्यासाठी बोट वर घेतली की बॅटरी काढून ठेवा, हार्नेसच्या प्लगच्या जोडण्या उघडून पुसा. ऑक्टोबरपर्यंत बंद बोटीत बसलेला दमटपणा काय करतो ते माझ्या बरणीत बघायला मिळेल.

मामा आता नाहीत. पेटी आहे, ड्वेल मीटरचा काटा अजून सरळ उभा राहतो. डॉक्टरांनी बोट चालवणं थांबवलंय, पण विकलेली नाही. तिचं इंजिन तेच आहे. या नारळी पौर्णिमेच्या आधी त्यांची नात येऊन म्हणाली, "आजोबा विचारतायत, पॉइंट कधी बदलताय?" मंगळवारी बदलले.