खांदा माझा, कातडी दाजींची

गेल्या दिवाळीच्या आधी माळ्यावरची पत्र्याची पेटी उतरवताना माझ्या उजव्या खांद्यात चमक निघाली आणि त्यानंतरचे दोन महिने मला उजव्या कुशीवर झोपता आले नाही. सदऱ्याच्या बाहीत हात घालणे, फळ्यावर डोक्याच्या वर लिहिणे, मागच्या खिशातून पाकीट काढणे या साध्या गोष्टी एकेक करून अवघड झाल्या. लातुरात ज्याला विचारावे तो ‘शीर दबली असेल’ एवढेच सांगत होता. शेवटी एमआरआय काढला, तेव्हा सुप्रास्पायनेटस नावाचा स्नायूबंध लहानशा जागेत आरपार फाटला असल्याचे निघाले. ज्यांना तो दाखवला त्या शल्यविशारदांनी दुर्बिणीतून शिवून घेण्याचा सल्ला दिला आणि पुढच्याच आठवड्यातली तारीखही सुचवली. मी तीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवले आहे, वैद्यकशास्त्र नव्हे. तरीही तारीख घेण्यापूर्वी या शस्त्रक्रियेवर आजवर कोणते संशोधन झाले आहे ते वाचावे, असे मी ठरवले.

सुप्रास्पायनेटस ज्याचा भाग आहे तो रोटेटर कफ म्हणजे एक वस्तू नाही. सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस, टेरेस मायनर आणि सबस्कॅप्युलॅरिस या चार स्नायूंचे बंध दंडाच्या हाडाच्या गोल माथ्याभोवती वेढा घालतात, त्या वेढ्याचे हे नाव आहे. खांद्याची खोबण फार उथळ असते, त्यामुळे माथा जागेवर ठेवण्याचे काम हाडापेक्षा हे बंधच अधिक करतात. जुन्या घरांत घुसळखांबाला रवी ज्या दोरीच्या कड्यांनी धरलेली असे, ती कडी ज्यांना आठवत असतील त्यांना हे लगेच कळेल: रवी फिरते दुसऱ्याच दोरीने, पण ती भेलकांडत नाही ती या कड्यांमुळे. वयाबरोबर ही कडी झिजतात. जपानमधील एका खेड्यात ६६४ ग्रामस्थांचे खांदे सोनोग्राफीने तपासले, तेव्हा २२.१ टक्के लोकांचा बंध आरपार फाटलेला आढळला आणि त्यांपैकी जवळजवळ दोनतृतीयांश लोकांना कसलाही त्रास नव्हता. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेली ही पाहणी वाचल्यावर मी माझ्या एमआरआयकडे जरा निराळ्या नजरेने पाहू लागलो. फाटलेले दिसणे आणि त्यामुळेच दुखणे, या दोन बाबी एकच आहेत असे आपण फार सहज धरून चालतो.

या क्षेत्रातील सर्वांत धाडसी प्रयोग मात्र फाटलेल्या बंधांवरचा नाही. चार्ल्स नीअर या अमेरिकी शल्यविशारदांनी १९७२ साली असा विचार मांडला की खांद्याच्या छताचे हाड खालच्या बंधाला घासते, म्हणून ते तासले की दुखणे थांबावे. कल्पना इतकी यांत्रिक आणि पटण्यासारखी होती की पुढची चाळीस वर्षे जगभर लाखो खांद्यांची हाडे तासली गेली. मग ब्रिटनमधील ३२ रुग्णालयांतील ३१३ रुग्णांवर एक चाचणी झाली, जिचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये २०१८ साली छापले गेले. रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट केले: एकाचे हाड तासले, दुसऱ्याच्या खांद्यात केवळ दुर्बीण घालून पाहून घेतले पण काहीही कापले नाही, आणि तिसऱ्याला काहीच केले नाही. दुसऱ्या गटातील माणसांना टाके होते, पट्टी होती, भूल दिली होती, फक्त शस्त्रक्रिया लुटुपुटूची होती. सहा महिन्यांनी हाड तासलेल्यांत आणि न तासलेल्यांत काहीच फरक निघाला नाही; काहीच न केलेल्यांपेक्षा दोन्ही गट किंचित बरे होते, पण तो फरक रुग्णाला जाणवावा एवढा नव्हता. लुटुपुटूची शस्त्रक्रिया करणे नैतिक आहे काय, असा प्रश्न वाचणाऱ्याला पडेल, तसा तो मलाही पडला होता. परंतु चाळीस वर्षे खरी शस्त्रक्रिया तपासून न पाहता करत राहणे कितपत नैतिक होते, हा प्रश्न त्याच्या शेजारी ठेवल्यावर माझे मत बदलले.

माझा बंध मात्र आरपार फाटलेला होता, त्यामुळे ही चाचणी मला थेट लागू पडत नव्हती. माझ्या कामाच्या दोन चाचण्या उत्तर युरोपातल्या निघाल्या. फिनलंडमध्ये १८० खांद्यांचे तीन गट करून, मार न लागता झिजून फाटलेल्या सुप्रास्पायनेटसवर एका गटाला केवळ व्यायाम, दुसऱ्याला व्यायाम आणि हाड तासणे, तिसऱ्याला या दोन्हींसह बंध शिवणे असे उपचार दिले. वर्षानंतर खांद्याच्या स्थितीला शंभरपैकी गुण पडले ७४.१, ७७.२ आणि ७७.९, म्हणजे सांख्यिकीच्या हिशेबाने सारखेच. एवढ्यावर थांबलो असतो तर मी मोठ्या आनंदाने व्यायामाकडे वळलो असतो. पण नॉर्वेतील १०३ रुग्णांच्या चाचणीने मला तसे करू दिले नाही. तेथे रुग्णांचा दहा वर्षे पाठपुरावा झाला आणि अखेरीस शिवलेल्यांचे गुण सुमारे १० ने अधिक भरले. व्यायामाच्या गटातील चौथाईच्या आसपास रुग्णांनी मधल्या काळात शस्त्रक्रिया करून घेतली, आणि न शिवलेल्या काही फाटींची लांबी पाच वर्षांत वाढलेली दिसली. म्हणजे वयस्कर, हळूहळू झिजलेल्या खांद्याला आधी व्यायाम देऊन पाहणे रास्त आहे, त्यात घाईने गमावण्यासारखे थोडे आहे, पण शिवणे निरुपयोगी आहे असे म्हणता येत नाही. तरुण माणूस मोटारसायकलवरून पडून हात उचलेनासा झाला असेल, तर त्याने माझ्या या लेखाच्या आधारे घरी बसू नये. त्याचे प्रकरण वेगळे आहे आणि त्यात उशीर महागात पडू शकतो.

इंजेक्शनाचा प्रश्न मी लवकर मिटवला. ब्रिटनमध्ये ७०८ रुग्णांवर झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने आठ आठवड्यांपर्यंत थोडा आराम मिळाला, वर्षअखेर फरक उरला नाही. त्याच चाचणीत फिजिओथेरपिस्टच्या सहा भेटी आणि नीट समजावून सांगितलेली एकच भेट यांचा परिणामही वर्षाअंती सारखाच ठरला, आणि ज्यांना तालुक्याच्या गावाहून एसटीने लातूरला यावे लागते त्यांच्या दृष्टीने ही बातमी इंजेक्शनापेक्षा मोठी आहे.

एक गोष्ट मात्र खटकली. हाड तासण्याच्या त्या ब्रिटिश चाचणीत ऑक्सफर्डची खांद्यासाठीची १२ प्रश्नांची मोजणी वापरली, तिच्यात ४८ पैकी गुण देतात. त्यातला एक प्रश्न सुरी आणि काटा एकाच वेळी वापरता येतो का, असा आहे. दुसरा ताटली ठेवलेला ट्रे खोलीभर नेता येतो का, असा आहे. आमच्या घरात काटा-चमचा शोधावा लागेल. भाकरी थापताना खांदा साथ देतो का, काष्टा मागे खोचता येतो का, कापूस वेचताना दिवसभर पुढे केलेला हात संध्याकाळी उचलतो का, हे विचारले असते तर उत्तर कदाचित वेगळे आले असते. आकडा कितीही काटेकोर असला, तरी तो कोणता प्रश्न विचारून मिळवला हे पाहिलेच पाहिजे.

मी व्यायाम सुरू केला त्याच सुमारास दाजींचे निदान झाले. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. अंबाजोगाई तालुक्यात त्यांची कोरडवाहू शेती आहे. चार-पाच वर्षे त्यांच्या कंबरेवर, मांड्यांवर आणि पाठीवर लालसर खाजरे चट्टे उठत होते. गजकर्ण म्हणून मलमे झाली, इसब म्हणून गोळ्या झाल्या, फवारणीच्या औषधाची ॲलर्जी म्हणून शेतात जाणे बंद झाले. तिसऱ्यांदा काढलेल्या कातडीच्या तुकड्यात अखेर मायकोसिस फंगॉइडस असे नाव सापडले. यात बुरशीचा संबंध काही नाही. झां-लुई आलिबेर या फ्रेंच वैद्यांनी १८०६ साली हा आजार वर्णिला, तेव्हा त्यातल्या गाठी कुत्र्याच्या छत्रीसारख्या दिसल्या म्हणून हे नाव पडले. प्रत्यक्षात हा रक्तातील टी पेशींचा, कातडीत मुक्काम ठोकणारा कर्करोग आहे. तो बहुधा संथ चालतो, आणि सुरुवातीला इसबासारखाच दिसत असल्याने वर्षे निघून जाणे हे डॉक्टरांच्या हलगर्जीपणाचे लक्षण असतेच असे नाही.

मुंबईतल्या रुग्णालयाने दाजींना अख्ख्या कातडीला शेक द्यायचे ठरवले. आमच्याकडे रेडिएशनला शेकच म्हणतात, आणि या उपचाराला तो शब्द फार चपखल बसतो, कारण यात क्ष-किरण नव्हे तर इलेक्ट्रॉन वापरतात. क्ष-किरण शरीर भेदून पलीकडे जातात. इलेक्ट्रॉन मात्र पाण्यात, त्याची ऊर्जा जेवढे मेगाइलेक्ट्रॉन व्होल्ट असेल त्याच्या साधारण निम्मे सेंटिमीटर जाऊन थांबतो. चार मेगाइलेक्ट्रॉन व्होल्टचा झोत दोन सेंटिमीटरमध्ये संपतो. कातडी भाजून निघते, पण फुप्फुसे, आतडी आणि हाडांतील मज्जा बहुतांशी सुरक्षित राहते. अडचण अशी की झोत सरळ आणि माणूस वळणावळणाचा. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात बसवलेल्या पद्धतीत रुग्ण यंत्रापासून काही मीटर लांब उभा राहतो, समोर ॲक्रिलिकचा पडदा असतो जो इलेक्ट्रॉनांना विखुरतो, झोत एकदा थोडा वर आणि एकदा थोडा खाली रोखतात म्हणजे डोक्याला आणि पायांना सारखा मिळतो, आणि रुग्णाला सहा पवित्र्यांत उभे करतात: समोरून, पाठमोरे आणि चार तिरके. पहिल्या दिवशी तीन, दुसऱ्या दिवशी तीन. डोळ्यांवर संरक्षक झाकण ठेवतात. तळपाय, जांघा अशा सावलीत राहणाऱ्या जागांना वेगळा शेक द्यावा लागतो.

दाजींनी फोनवर हे पवित्रे सांगितले, तेव्हा मी ते बैठकीच्या खोलीत उभा राहून करून पाहिले. बहुतेकांत एक हात डोक्याच्या वर धरून निश्चल राहायचे असते. डावा हात धरला. उजवा कानापर्यंत गेला आणि तेथेच थरथरू लागला. अर्धे मिनिटही निघाले नाही. माझा खांदा आणि त्यांची कातडी एकाच माणसाच्या वाट्याला आली असती तर काय केले असते, या प्रश्नाने मला त्या संध्याकाळी बराच वेळ बसवून ठेवले. उत्तर आहे: उभे राहू न शकणाऱ्यांसाठी झोपवून शेक देण्याच्या पद्धती तयार झाल्या आहेत, आणि फिरत्या पाटावर उभे करण्याचीही रीत आहे. पण मुळात किती दिवस उभे राहायचे, हाच प्रश्न संशोधनाने हाताळला हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

पूर्वी पूर्ण मात्रा ३६ ग्रे असे; ग्रे हे शेकाची मात्रा मोजण्याचे एकक. आठवड्याला चार दिवस, एकूण नऊ आठवडे. जितका जास्त तितका चांगला, या समजुतीला पहिला तडा १९८९ सालीच गेला होता. अमेरिकेत १०३ रुग्णांचे चिठ्ठीने दोन गट करून एकाला अख्ख्या कातडीचा शेक आणि सोबत केमोथेरपी दिली, दुसऱ्याला लावण्याच्या औषधांपासून पायरीपायरीने वाढत जाणारे उपचार. चट्टे पूर्ण जाण्याचे प्रमाण ३८ टक्के विरुद्ध १८ टक्के, म्हणजे जोरदार उपचाराची सरशी. पण आयुष्य कोणाचेही अधिक वाढले नाही, आणि जोरदार उपचाराचे दुष्परिणाम मात्र खूप जास्त होते. हा आजार बरा होत नसून परततो, हे एकदा मान्य केल्यावर पुढचा प्रश्न आपोआप येतो: परतणारच असेल तर कमी मात्रेत आणि पुन्हा देता येईल अशा बेताने का देऊ नये? २०१५ साली तीन छोट्या चाचण्यांचा एकत्रित अहवाल आला: १२ ग्रे, रुग्ण ३३. त्यांपैकी ८८ टक्के रुग्णांचे चट्टे निम्म्याहून अधिक ओसरले आणि फायदा टिकण्याचा मध्यक सुमारे ७१ आठवडे होता. ब्रिटनमध्ये १०३ रुग्णांना १२ ग्रे दिल्याचा अहवाल २०१७ साली प्रसिद्ध झाला, त्यात प्रतिसाद ८७ टक्के.

खांद्याला ७०८ रुग्ण मिळतात आणि येथे ३३, कारण आजारच दुर्मीळ आहे. ३३ जणांच्या अनुभवावर दाजींची मात्रा ठरली, याचे मला आधी आश्चर्य वाटले होते. पण मराठवाड्यातील माणसाला १२ आणि ३६ यांतला फरक कागदाबाहेरही कळतो. पूर्ण मात्रेत केस जातात, नखे गळतात, हातपाय सुजतात आणि घाम येणे बराच काळ बंद होऊ शकते. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा ज्याला घाम येत नाही अशा शेतकऱ्याने बांधावर कसे उभे राहावे? दाजींचा शेक तीन आठवड्यांत संपला, कातडी कोरडी पडली, थोडे केस गेले आणि परत आले, आणि मे महिन्यात त्यांना घाम आला. आक्काने तो फोन करून सांगितला.

तिला एकच भीती होती. रुग्णालयाने दाजींच्या नोंदी अभ्यासासाठी वापरण्याची परवानगी मागितली होती आणि मराठीतले चार पानी संमतिपत्र पाठवले होते. ‘‘आपल्यावर प्रयोग करून बघतेत का रे?’’ असे तिने मला विचारले. मी तिला ते पत्र ओळ न ओळ वाचून दाखवले: नकार दिला तरी उपचारात फरक पडणार नाही, केव्हाही बाहेर पडता येईल, नाव कोठेही येणार नाही. भारतात २००७ पासून चाचण्यांची सार्वजनिक नोंदवही आहे आणि २००९ पासून त्यात औषधचाचण्यांची नोंद सक्तीची झाली, हेही सांगितले. दाजी मधेच म्हणाले, ‘‘त्या तेहतीस जणांनी सही केली म्हणून माझं तीन आठवड्यांत भागलं ना? मग दे पेन.’’

या आजाराची मोजदाद खांद्याच्या मानाने आमच्या घरात सहज बसली. बोटांसह एक तळहात म्हणजे अंगाचा साधारण एक टक्का भाग, आणि तळहात रुग्णाचाच हवा. सपाट चट्टा असेल तर एकपट, जाड असेल तर दुप्पट, गाठ असेल तर चौपट धरायचे. आक्काने दाजींचा हात वर्तमानपत्रावर ठेवून पेन्सिलीने आकृती काढली आणि कातरून घेतली. दर महिन्याच्या एक तारखेला ती त्या कागदी हाताने त्यांची पाठ मोजते. शेकाच्या आधी मोजणी तिसाच्या पुढे गेली होती. परवा मी अंबाजोगाईला गेलो होतो तेव्हा ती तीनवर होती. मोजून झाल्यावर तिने तो कागद माझ्याकडे दिला आणि कॅलेंडरच्या वरच्या खिळ्याला अडकवायला सांगितले. मी तो उजव्या हाताने अडकवला. थोडे दुखले.