आमची वाटचाल : कॅप्सूल कुठल्या बाजूला होती?

2004 साली साकीनाक्याच्या गाळ्यात आम्ही दोघांनी फर्म काढली. भागीदार हार्डवेअरमधला, मी डायकॉममधला, म्हणजे स्कॅनच्या चित्रांच्या फाइल फॉरमॅटमधला. एमआरआयवर संशोधन करणाऱ्यांना वर्कस्टेशन लावून द्यायचं, मॉनिटर कॅलिब्रेट करायचा, रीडिंग रूममधले दिवे-पडदेही आपणच बघायचे. पुढच्याच वर्षी 26 जुलै. सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला त्या दिवशी आमचे तीन सीपीयू गेले, मॉनिटर पोटमाळ्यावर होते म्हणून वाचले. ते सगळ्या मुंबईचंच झालं, त्याचं रडगाणं नको.

आमची खरी वाट लावली 2009 ने.

अपस्मारावरचा अभ्यास होता. डाव्या-उजव्या हिप्पोकॅम्पसचं (मेंदूतला स्मरणशक्तीचा भाग) आकारमान मोजायचं, कुठला आक्रसलाय ते बघायचं. स्कॅन वाचणारे दोन रीडर, एकमेकांचं वाचन न बघता. दोघांचं जुळलं नाही तर तिसरा. वाचन आमच्या स्क्रीनवर. आकारमान मोजायचं काम मात्र दुसऱ्या एका कंपनीकडे, आमच्यापेक्षा स्वस्त आणि टाय लावून येणारी. ते लोक डायकॉमच्या फाइली जुन्या अ‍ॅनालाइझ फॉरमॅटमध्ये बदलून घ्यायचे. त्या फॉरमॅटच्या हेडरवरून, म्हणजे चित्रासोबतच्या माहितीवरून, डावं कुठलं नि उजवं कुठलं ते भरवशानं कळत नाही, हे या धंद्यातल्या पोरालाही माहीत असतं.

सहा महिन्यांनी आकडे जुळेनात. रीडर म्हणतायत उजवा छोटा, आकडे म्हणतात डावा. खापर कुणावर? "तुमच्या स्क्रीनवर उलटं दिसतं." बिल अडकलं. बाकीच्या दोन गिऱ्हाइकांनीही "जरा थांबू या" म्हटलं. भागीदार नोकरीला लागला. मी त्याला दोष देत नाही. म्हणजे देतो, पण थोडा.

परळच्या एक मॅडम आमच्या पहिल्या दिवसापासूनच्या गिऱ्हाईक. स्कॅनआधी पेशंटच्या उजव्या कानशिलावर त्या ई जीवनसत्त्वाची कॅप्सूल मायक्रोपोर टेपनं चिकटवायच्या. तेल असल्यामुळे ती टी-वन प्रकारच्या एमआरआय चित्रावर लख्ख पांढरी दिसते. आम्ही पाठीमागे हसायचो, मॅडमची टिकली म्हणायचो.

त्यांचे स्कॅन त्या अभ्यासात होते. मीटिंगमध्ये मी मूळ डायकॉम उघडलं: पांढरा ठिपका स्क्रीनच्या डावीकडे, 'आर' अक्षराच्या बाजूला, म्हणजे पेशंटच्या उजवीकडे. रेडिओलॉजीत असंच, पेशंट समोर उभा असल्यासारखं. मग त्या कंपनीची बदललेली फाइल लावली. ठिपका 'एल'च्या बाजूला, म्हणजे फाइल बदलतानाच डावं-उजवं उलटलं होतं. समोरच्यानं "कॅप्सूलच चुकीच्या बाजूला लावली असेल" असं म्हणून बघितलं. मॅडम म्हणाल्या, "मी स्वतः चिकटवलीय. मला माझा उजवा हात कळतो."

त्यावर कुणी सॉरी म्हटलं नाही. "व्हर्जनचा इश्यू" असं मिनिट्समध्ये लिहिलं, आणि पुढचं टेंडर त्याच टायवाल्यांना गेलं.

त्यानंतरची दहा वर्षं बरी गेली. पाच माणसं, दोन गाळे.

या धंद्यात येणाऱ्या पोरांना एक सांगतो, कुणी विचारलं नसलं तरी. मूळ डायकॉमला हात लावू नका, कॉपीवर काम करा. नाव-गाव काढताना प्रायव्हेट टॅगही, म्हणजे मशीनच्या कंपनीनं फाइलमध्ये घातलेले खास रकानेही, तपासा, पेशंटचं नाव तिथंच दडून बसतं. आणि मॉनिटरच्या खोक्यावर छापलेल्या ब्राइटनेसवर विश्वास ठेवू नका, बॅकलाइट म्हातारा होतो. माझा फोटोमीटर (उजेड मोजायचं यंत्र) बघा, त्याचा रबरी कप दोनदा बदललाय. दर तीन महिन्यांनी तो काचेला लावायचा. मग टेस्ट पॅटर्न, म्हणजे मॉनिटर तपासायचं चित्र, उघडून खोलीतला दिवा मंद करायचा आणि काळ्या चौकोनातला किंचित उजळ, पाच टक्क्यांचा बारका चौकोन दिसतो का ते बघायचं. न दिसला तर त्या दिवशी वाचन बंद. गिऱ्हाईक ओरडतं, ओरडू द्या.

मॅडम निवृत्त झाल्या, तरी दिवाळीला फोन येतो. पहिला प्रश्न, "कॅप्सूल लावतात का रे अजून?" दोन ठिकाणी लावतात.

2009 च्या त्या बिलाची फाइल माझ्या टेबलाच्या खालच्या खणात आहे. चार स्मरणपत्रं, कुरिअरच्या पावत्या. पैसे अजून यायचेत.