संमती कॅस्परस्कीला होती, अल्ट्राएव्हीला नव्हे

२०२४ च्या सप्टेंबरमध्ये, १९ तारखेच्या सुमारास, अमेरिकेतील असंख्य विंडोज संगणकांवरून कॅस्परस्कीचा अँटीव्हायरस नाहीसा झाला आणि त्याच्या जागी अल्ट्राएव्ही नावाचा, बहुतेक ग्राहकांनी कधी न ऐकलेला, दुसराच अँटीव्हायरस चालू लागला. काहींच्या संगणकावर त्याच्या जोडीने अल्ट्राव्हीपीएन हे व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरील वावर झाकणारे सॉफ्टवेअरही येऊन बसले होते. हे करण्यापूर्वी पडद्यावर कोणतीही विचारणा झाली नव्हती आणि होय किंवा नाही म्हणण्याची संधी कोणालाही मिळाली नव्हती. अनेकांना आपल्या संगणकात विषाणू शिरला असेच वाटले. काहींनी घाईघाईने तो नवा अँटीव्हायरस काढून टाकला, तर संगणक पुन्हा सुरू केल्यावर तो परत हजर झाल्याचे त्यांनी सांगितले.

मी पुण्यात लहान कार्यालयांचे संगणक सांभाळण्याचे काम करते, त्यामुळे अँटीव्हायरस बदलणे ही माझ्या दृष्टीने नित्याची गोष्ट आहे. तरीही हा प्रकार मला फार गंभीर वाटतो, आणि तो जितका गंभीर आहे तितके त्यावर मराठीत लिहिले गेलेले नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. कॅस्परस्की ही १९९७ साली स्थापन झालेली, मॉस्कोत मुख्यालय असलेली कंपनी. विषाणू शोधण्यातील तिचे कौशल्य तिच्या टीकाकारांनीही कधी नाकारले नाही. शंका होती ती रशियन सरकार तिच्यावर दबाव आणू शकेल का, याबद्दल. २०१७ साली अमेरिकेने आपल्या केंद्रीय सरकारी कार्यालयांतून हे सॉफ्टवेअर काढून टाकण्याचा आदेश दिला. युक्रेनवरील आक्रमणानंतर, मार्च २०२२ मध्ये, जर्मनीच्या माहिती-सुरक्षा कार्यालयानेही त्याच्या वापराविरुद्ध इशारा दिला. अखेर २० जून २०२४ रोजी अमेरिकेच्या वाणिज्य खात्याने देशभर बंदी जाहीर केली: २० जुलैपासून नव्या ग्राहकांना विक्री बंद, आणि २९ सप्टेंबरनंतर जुन्या ग्राहकांनाही अपडेट देणे बंद. कंपनीने जुलैतच अमेरिकेतील कामकाज आवरते घेण्याचे ठरवले आणि तिथले सुमारे १० लाख ग्राहक पँगो या अमेरिकी कंपनीकडे सोपवण्याचा करार केला. अल्ट्राएव्ही हे या पँगोचेच उत्पादन. हॉटस्पॉट शील्ड ही व्हीपीएन सेवा ज्यांनी वापरली असेल त्यांनी नकळत याच कंपनीचे उत्पादन वापरलेले असेल, पण अँटीव्हायरसच्या क्षेत्रात तिला कॅस्परस्कीसारखा दीर्घ लौकिक नव्हता.

या बंदीतील एक तपशील माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे आणि चर्चेत तोच मागे पडला. वाणिज्य खात्याने कंपनीवर बंदी घातली, वापरकर्त्यांवर घातली नाही. ज्यांच्या संगणकावर कॅस्परस्की आधीपासून आहे त्यांनी ते वापरत राहिल्यास कोणतीही कायदेशीर कारवाई होणार नाही, मात्र त्यातील धोका त्यांचा त्यांनी पत्करायचा, असे खात्याने स्पष्ट केले होते, आणि वाणिज्यमंत्री जीना रायमोंडो यांनी लोकांना लवकरात लवकर दुसरा पर्याय निवडण्याचे आवाहन केले होते. म्हणजे राष्ट्रीय सुरक्षेचे कारण पुढे करणाऱ्या सरकारनेसुद्धा पुढचा अँटीव्हायरस कोणता, हा निर्णय ग्राहकाच्या हाती ठेवला होता. तो निर्णय त्याच्याकडून काढून घेतला तो त्याने ज्यांना पैसे दिले होते त्या कंपनीने.

कंपनीचे स्पष्टीकरण असे होते की आपण बाजारातून बाहेर पडत असताना ग्राहकांच्या संरक्षणात खंड पडू नये, म्हणून हे स्थलांतर अपडेटच्या मार्गाने केले. हा युक्तिवाद वरवर काळजीचा वाटतो, पण विंडोज १० किंवा ११ वापरणाऱ्याच्या बाबतीत तो टिकत नाही. या दोन्ही प्रणालींमध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर हा अँटीव्हायरस मुळातच असतो. बाहेरचा अँटीव्हायरस बसवला की तो बाजूला होतो आणि तो अँटीव्हायरस काढला की सर्वसाधारणपणे आपोआप पुन्हा कामाला लागतो. त्यामुळे कॅस्परस्कीने केवळ स्वतःला काढून घेतले असते तरी हे संगणक उघडे पडले नसते. खंड पडणार होता तो सदस्यत्वात, म्हणजे पुढच्या वर्षीच्या नूतनीकरणाच्या रकमेत. ग्राहकांची यादी पँगोसाठी मोलाची होती ती चालू सदस्यत्वांमुळे, आणि ज्याला विचारावे लागते तो ग्राहक नाही म्हणू शकतो, हे दोन्ही कंपन्यांना कळत नसेल असे मला वाटत नाही.

ग्राहकांना आधी ईमेल पाठवले होते, असेही दोन्ही कंपन्यांचे म्हणणे आहे, आणि ते खरे आहे. सप्टेंबरच्या सुरुवातीला तसे ईमेल गेले. परंतु आपले संरक्षण अल्ट्राएव्हीकडे जाणार आहे, हे वाचून एखाद्या तारखेला आपल्या संगणकातील एक सॉफ्टवेअर आपोआप पुसले जाईल आणि दुसरे आपोआप बसेल, असा अर्थ सामान्य माणसाने कसा काढावा? अनेकांनी हे ईमेल आपल्याला मिळालेच नाहीत असे सांगितले. काहींचे ते नको असलेल्या टपालात जाऊन पडले असतील, काहींनी ते फसवणुकीचे समजून पुसले असतील. ज्यांनी ते पुसले त्यांना मी दोष देणार नाही, कारण त्यांनी अगदी तेच केले जे आम्ही त्यांना शिकवतो.

या मुद्द्यावर मला थोडे थांबावेसे वाटते. बनावट अँटीव्हायरस हा फसवणुकीचा फार जुना आणि अजूनही चालणारा प्रकार आहे: पडद्यावर अचानक एक अनोळखी नाव येते, तुमचा संगणक धोक्यात आहे असे सांगते, स्वतःच स्वतःला बसवून घेते आणि मग पैसे मागते. गेली कित्येक वर्षे आम्ही कार्यालयातील कर्मचाऱ्यांना, घरातील वडीलधाऱ्यांना, बँकेचे व्यवहार नुकतेच संगणकावर करू लागलेल्या निवृत्त मंडळींना एकच सूचना देत आलो आहोत, की तुम्ही न मागवलेला अँटीव्हायरस दिसला तर त्यावर विश्वास ठेवू नका, कशावरही क्लिक करू नका, आणि जाणकाराला बोलवा. ही सूचना लोकांच्या अंगी बाणवायला फार वेळ लागतो. सप्टेंबर २०२४ मध्ये एका नामांकित सुरक्षा कंपनीने नेमके त्या फसवणुकीसारखेच दिसणारे कृत्य केले आणि वर ते अधिकृत असल्याचे सांगितले. ज्या आजोबांनी घाबरून संगणक बंद केला आणि अमेरिकेतच दुसऱ्या गावी राहणाऱ्या मुलाला फोन केला, त्यांना त्या मुलाने आता काय सांगावे? न मागवलेला अँटीव्हायरस कधी खोटा असतो आणि कधी खरा, असे? या संभ्रमाचा फायदा पुढच्या खेपेला खरे भामटेच घेतील. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतही ज्येष्ठांचे संगणक मुलेच लावून देतात आणि मग दुरून त्यांची देखभाल करतात. अशा घरांत हे फोन किती अवघड असतात, हे सांगायला नको.

आता मूळ प्रश्नाकडे येते. अँटीव्हायरस हे इतर सॉफ्टवेअरसारखे साधे सॉफ्टवेअर नाही. विषाणूला पकडायचे तर विषाणूपेक्षा जास्त अधिकार हवेत, म्हणून आपण त्याला प्रणालीच्या गाभ्यापर्यंत, म्हणजे कर्नलपर्यंत, प्रवेश देतो. उघडली जाणारी प्रत्येक फाइल तो पाहू शकतो, कोणताही प्रोग्रॅम थांबवू शकतो, आणि दिवसातून अनेकदा स्वतःच्या सर्व्हरवरून नवी माहिती व नवा कोड आणून तो आपल्याला न विचारता चालवू शकतो. न विचारता अपडेट होण्याची ही सवलत आपण समजून-उमजून देतो, कारण नवा विषाणू आल्यावर परवानगीची वाट पाहत बसणे परवडणारे नसते. पण ती सवलत त्या एका कामासाठी असते. विषाणूंची नवी लक्षणे उतरवून घेण्यासाठी दिलेल्या मार्गाने दुसऱ्या कंपनीचे संपूर्ण उत्पादन आत आणणे हा त्या सवलतीचा सरळ गैरवापर आहे, मग ते उत्पादन कितीही चांगले असो.

अमेरिकेच्या नॅशनल सिक्युरिटी एजन्सी या गुप्तचर संस्थेतील सायबर सुरक्षेचे माजी प्रमुख रॉब जॉइस यांनी त्या वेळी जाहीरपणे म्हटले, की कॅस्परस्कीला इतका खोल प्रवेश देणे धोक्याचे का होते ते या घटनेने दिसले. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. सरकारला भीती वाटत होती ती याच क्षमतेची, आणि जाता जाता कंपनीने ती क्षमता मोठ्या प्रमाणावर वापरून दाखवली. मात्र मी त्यांच्याशी अर्ध्यापर्यंतच सहमत आहे, कारण ही क्षमता कंपनीच्या राष्ट्रीयत्वावर अवलंबून नसते. त्याच वर्षी, १९ जुलै २०२४ रोजी, क्राउडस्ट्राइक या अमेरिकी सायबर सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले होते. मुंबई, दिल्लीच्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले होते ते त्यामुळेच. तो अपघात होता आणि हे ठरवून केलेले होते, पण वाट दोन्हींची एकच. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेने चेक प्रजासत्ताकात सुरू झालेल्या अव्हास्ट या अँटीव्हायरस कंपनीला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले, कारण संरक्षणासाठी बसवलेल्या सॉफ्टवेअरमधून ग्राहकांच्या वेब वापराची माहिती गोळा करून ती जंपशॉट या उपकंपनीमार्फत विकली गेली होती. रशियन, अमेरिकी, चेक: प्रवेश दिला की त्याचा वापर कशासाठी होतो यावर आपले नियंत्रण फारच थोडे उरते.

संमती विचारणे अशक्य होते का, या प्रश्नाचे उत्तर याच प्रकरणात मिळते. मॅक, अँड्रॉइड आणि आयफोनवरील ग्राहकांचे स्थलांतर आपोआप झाले नाही. त्यांना ईमेलमधील सूचना वाचून अल्ट्राएव्ही स्वतः उतरवून घ्यावे लागले. फोनवर एका ॲपला दुसरे ॲप गुपचूप बसवता येत नाही, तशी ती प्रणालीच बांधलेली आहे. त्यामुळे एकाच कंपनीच्या एकाच ग्राहकाला फोनवर निवड मिळाली आणि घरच्या विंडोज संगणकावर मिळाली नाही. जिथे प्रणालीने अडवले तिथे विचारले, जिथे अडवले नाही तिथे विचारले नाही, इतकाच काय तो फरक.

सेवा देणारी कंपनी बाजारातून जाते तेव्हा काय करता येते, याचे उदाहरण आपल्याकडे आहे. २०१८ च्या जानेवारीअखेरीस एअरसेलने महाराष्ट्रासह सहा परिमंडळांतील मोबाइल सेवा बंद केली, आणि पुढे कंपनी दिवाळखोरीत गेली. तेव्हा त्रास पुष्कळ झाला, संदेश जात नव्हते, दुकानांत रांगा लागल्या. पण दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ग्राहकांना आपला क्रमांक कायम ठेवून हव्या त्या कंपनीकडे जाण्यासाठी कोड आणि मुदत देण्याचे निर्देश दिले. सगळे ग्राहक परस्पर एखाद्या दुसऱ्या कंपनीच्या नावे लिहून दिले गेले नाहीत. सॉफ्टवेअरच्या सदस्यत्वाला असा रक्षक नाही, ही मोठी उणीव आहे.

माझ्या मते कॅस्परस्कीकडे सरळ मार्ग उपलब्ध होता. ज्या अपडेटने अल्ट्राएव्ही बसवले, त्याच अपडेटने पडद्याच्या मध्यभागी एक सूचना ठेवता आली असती: २९ सप्टेंबरपासून आम्हाला अपडेट देता येणार नाहीत, उरलेल्या मुदतीसाठी अल्ट्राएव्ही घ्यायचे असल्यास इथे सांगा, नको असल्यास आम्ही स्वतःला काढून घेतो आणि विंडोजचा डिफेंडर सुरू होईल, आणि उरलेल्या मुदतीचे पैसे असे परत मिळतील. ज्यांनी काहीच निवडले नाही, कारण ते संगणकाकडे लक्षच देत नाहीत, त्यांचा प्रश्न खरा आहे. मुदत संपलेला अँटीव्हायरस चालू आहे या समजुतीत राहणे धोक्याचेच. त्यांच्यासाठी शेवटच्या दिवशी कॅस्परस्कीने स्वतःला काढून घेणे पुरेसे होते. त्यात नव्या कंपनीला प्रवेश द्यावा लागला नसता आणि पुढच्या वर्षीचे आपोआप नूतनीकरणही तिच्याकडे गेले नसते.

भारतातील ग्राहकांना हे स्थलांतर लागू नव्हते. तरी मी माझ्या देखरेखीखालील कार्यालयांत या घटनेनंतर काही गोष्टी नियमित केल्या आहेत. विंडोज सिक्युरिटीमध्ये सुरक्षा पुरवठादारांच्या यादीत कोणते नाव दिसते, ते आम्ही महिन्यातून एकदा पाहून वहीत नोंदवतो. अँटीव्हायरसच्या सदस्यत्वाचे आपोआप नूतनीकरण बंद ठेवून पैसे दरवर्षी हाताने भरतो, म्हणजे कंपनीची मालकी बदलली असेल तर ते वेळेत लक्षात येते. सदस्यत्वाला जोडलेला ईमेल पत्ता चालू आहे आणि तो कोणी तरी वाचते, याची खात्री करतो. परवाना करारात हक्क व जबाबदाऱ्या दुसऱ्या कंपनीकडे सोपवण्याचे कलम असेल, तर कार्यालयाच्या मालकांना ते खरेदीपूर्वी वाचून दाखवते. दोन ठिकाणी ते वाचल्यावर मालकांनी बाहेरचा अँटीव्हायरस न घेता डिफेंडरवरच राहायचे ठरवले, आणि त्यांच्या कामाचे स्वरूप पाहता मला तो निर्णय योग्य वाटला.