७५ अंशांखालचा मळा

यंदा जानेवारीत आमच्या फीडरला आठवड्यातले चार दिवस रात्रीची लाईट होती. दहाला थ्री फेज आली की मोटार सुरू करायची, ठिबकचे व्हॉल्व्ह बदलायचे. तोवर केळीतून हलता येत नाही. म्हणून मी कॅमेरा आणि स्टँड सोबतच न्यायचो. यावल तालुक्यातला मळा, मागे सातपुडा, समोर लांबवर भुसावळकडचा उजेड.

साडेदहाच्या सुमारास मृगाचा बाण दक्षिणेला येतो. आपल्याकडून पाहिलं तर भूस्थिर उपग्रहांची रांग त्याच्या जराशी खालून जाते. १३५ मिलिमीटरची लेन्स, दहा-दहा सेकंदांचे फोटो. कॅमेरा जागेवरच असल्याने ताऱ्यांच्या बारीक रेघा उमटतात आणि उपग्रह मात्र ठिपकाच राहतो, कारण तो पृथ्वीबरोबर फिरतो. फसगत इथेच होते. सेन्सरवरचा खराब पिक्सेलही प्रत्येक फोटोत त्याच जागी चमकतो! म्हणून विसाव्या फोटोनंतर मी कॅमेरा बोटभर वळवतो. उपग्रह फोटोत सरकतो, पिक्सेल सरकत नाही.

मला शोधायचं असतं ते मेलेलं काहीतरी. पृथ्वीचं विषुववृत्त अगदी गोल नाही, किंचित लंबगोल आहे. त्यामुळे इंधन संपलेला उपग्रह नेमून दिलेल्या जागी टिकत नाही, सरकत जातो. त्या कक्षेत जणू दोन खोलगट जागा आहेत: एक ७५ अंश पूर्व रेखांशाजवळ, दुसरी १०५ अंश पश्चिमेजवळ. आणि यावल आहे ७५.७ अंशांवर. बरेच मृत उपग्रह आखाजीच्या झोक्यासारखे आमच्याच रेखांशाभोवती हेलकावे घेत असतात, एकेका हेलकाव्याला दोन वर्षांहून जास्त. हे कळलं त्या रात्री मी कितीतरी वेळ दक्षिणेकडे तोंड करून बांधावर उभा होतो.

संक्रांतीच्या आदल्या रात्री चाळीस फोटो काढले. तारे वजा केल्यावर पाच ठिपके जागच्या जागी राहिले. सहावा दर फोटोत चार-पाच पिक्सेल उत्तरेकडे चढत होता. तीन फोटोंत ठळक, पुढच्या दोनांत जवळपास नाहीसा, पुन्हा ठळक. गोते खात फिरणाऱ्या वस्तूवरून ऊन असंच परततं. उपग्रहांच्या सार्वजनिक यादीतल्या कक्षांशी तो जुळेना. रात्रभर झोप आली नाही.

सकाळी लक्षात आलं की बाकीचे पाचही जुळत नाहीत, आणि सगळे एकाच बाजूला, सारख्याच अंतराने चुकलेत. कॅमेऱ्याचं घड्याळ ४० सेकंद पुढे होतं. आकाश सेकंदाला १५ विकला सरकतं, म्हणजे १० कलांची चूक (६० विकलांची एक कला, ६० कलांचा एक अंश). वेळ दुरुस्त केली तशी पाचांची नावं सापडली. त्यात ७४ अंशांवरचा हवामानाचा उपग्रह इन्सॅट-३डीआरही होता.

सहाव्याचं नाव तरीही सापडलं नाही.

मे महिन्यात वादळाची चाहूल लागली की आम्ही केळीवाले मोबाईलवर ढगांची चित्रं उघडतो. ती चित्रं घेणारा इन्सॅट-३डीआर त्या खोलगट जागेच्या अगदी शेजारी आहे. सहावा ठिपका त्याच उंचीवर असेल, तर तो सेकंदाला सुमारे अर्धा किलोमीटर वेगाने रांग ओलांडत होता. २०२२ च्या गुढीपाडव्याला संध्याकाळी चिनी रॉकेटचा टप्पा आमच्या डोक्यावरून जळत गेला, पुढे चंद्रपूर जिल्ह्यात त्याचं कडं पडलं. खालच्या कक्षेतला कचरा निदान असा केव्हातरी उतरतो. ३५,७८६ किलोमीटरवर त्याला खाली ओढायला वातावरणच नाही.

सात मिनिटांच्या मागावरून कक्षा निघत नाही, दुसऱ्या एखाद्या रात्री तो पुन्हा दिसायला हवा. पुढचे दोन दिवस ढग होते, नंतर लाईट दिवसाची झाली. या सोमवारपासून पुन्हा रात्रीची पाळी आहे. कॅमेऱ्याचं घड्याळ मोबाईलशी सेकंदाला जुळवून ठेवलंय.