अज्ञात चोरटा

दुपारी जेवण झाल्यावर पेपर चाळत पडलो होतो. बातमीतला चोर सहसा नुसता चोर नसतो. तो 'अज्ञात चोरटा' असतो. सापडला, की लगेच 'सराईत गुन्हेगार'. देवळाबाहेरच्या चपला पळवणारा भुरटा, एसटीत चढताना पाकीट मारणारा खिसेकापू, आणि रात्री कोयते घेऊन येणारे दरोडेखोर. हे मात्र किमान पाच असावे लागतात, अशी कायद्याची अट आहे. चौघांनी तेच केलं तर ती जबरी चोरी. म्हणजे पाचव्याला ऐनवेळी ताप आला, तर अख्ख्या टोळीचा हुद्दा उतरतो!

आमच्या आजीची दंडसंहिता याहून बारीक होती. पेरू पाडणारी पोरं भुरटी, दुधाला तोंड लावणारी मांजर चोरटी, पाट मांडायच्या वेळी गायब होणारा नातू अंगचोर. खऱ्या चोराबद्दल तिला फारसा राग नव्हता. बिचारा अंधारात येतो, कौलं काढतो, कुत्र्याला भितो. कष्ट आहेत म्हणे त्यात. एकदा दारावर दागिने उजळून देणारा आला. परीटघडीचे कपडे, तोंडात सारखं 'आई, आई'. आजीने त्याला आलं घालून चहा केला. त्याने पाटल्या कसल्याशा पिवळ्या पाण्यात बुडवल्या, घासल्या आणि लखलखीत करून परत दिल्या. सोनाराच्या काट्यावर त्या हलक्या भरल्या.

"चोर होता," मी म्हटलं.

"चोर कसला? चोराला चहा दिला असता का मी? भामटा मेला!"

सोन्यापेक्षा तो चहा तिला जास्त लागला होता.

पुढे कधीतरी राज्याच्या विमुक्त जातींची यादी पाहण्यात आली. बेरड, कैकाडी, रामोशी, वडार... आणि त्यातच भामटा, राजपूत भामटा. १८७१ साली इंग्रजांनी कायदा करून अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवायची सोय केली. मग पोलिसांकडे हजेरी, सोलापूरला तारेच्या कुंपणातली सेटलमेंट. कायदा १९५२ साली रद्द झाला. शब्दकोशात भामटा म्हणजे अजून ठकच, आणि दाखल्यावर तीच कुणाची तरी जात.

आजीला हे कळलं असतं, तर तिने त्या माणसासाठी दुसरी शिवी शोधली असती, असं समजायला मला आवडतं. खात्री नाही.